जाड भिंतीचा भरवसा

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीजवळ ६.२ च्या आसपासचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून गावं झोपी गेली होती. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण ते आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहेत.

साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, पहाटे साडेचारच्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागाला ६.७ चा धक्का बसला. भूकंपाच्या मोजमापात अर्ध्या अंकाचा फरक म्हणजे ऊर्जेत पाचपटीहून जास्त फरक. म्हणजे नॉर्थरिजचा भूकंप किल्लारीपेक्षा बराच मोठा होता, शहर तर कितीतरी पट दाट वस्तीचं होतं, आणि वेळ तीच, माणसं अंथरुणात असण्याची. तिथले मृत साठच्या आसपास.

फरक घरांचा होता. तिथली बहुतेक घरं हलक्या लाकडी सांगाड्याची, खिळ्यांनी जोडलेली. आपल्याकडची दगडमातीची. एवढं सांगितलं की लगेच एक निष्कर्ष निघतो, आणि तो मराठवाड्यात गेली तीस वर्षं पक्का बसलेला आहे: दगड वाईट, सिमेंट चांगलं. माझं म्हणणं असं की हा धडा निम्मा चुकीचा आहे, आणि चुकलेला निम्मा भाग धोक्याचा आहे. भूकंपात दगड हा गुन्हेगार नव्हता. दगड एकमेकांना धरून नव्हते, हा खरा घोटाळा होता. आणि दगडांना एकमेकांशी बांधून ठेवायचं कसं, यावर आपल्याच देशात किल्लारीच्या कितीतरी आधी संशोधन झालेलं होतं.

आधी ते घर नीट पाहू. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवदाचं. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. भोवती दगडी भिंती, दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड, काही ठिकाणी त्याहूनही. उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना आत गारवा राहायचा तो या जाडीमुळे. माळवद गळायला लागलं की पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची, धुम्मसानं ठोकून घट्ट करायची, झालं. जुनी माती खाली उतरवण्याचा खटाटोप सहसा कोणी करत नसे. त्यामुळे घर जितकं जुनं तितकं डोक्यावरचं ओझं जास्त.

या ओझ्याचा हिशोब सोपा आहे. दहा फूट बाय तेरा फुटांची खोली घ्या, म्हणजे साधारण १२ चौरस मीटर. वर अर्धा मीटर माती. म्हणजे ६ घनमीटर. माती घनमीटरला १६०० किलो धरली तर साडेनऊ टनांहून जास्त वजन एका खोलीच्या डोक्यावर. आता जमीन आडवी हलली आणि तिचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या नुसता एक पंचमांश जरी असला, तरी छपरावर येणारा आडवा जोर त्याच्या वजनाच्या एक पंचमांश, म्हणजे जवळपास दोन टन. एरवी हे वजन सरळ खाली भिंतीवर किंवा खांबावर दाबलेलं असतं आणि दाब सोसण्यात दगड पटाईत. आडवा जोर मात्र त्या घरानं जन्मात कधी पाहिलेला नसतो.

भूकंपाचा जोर बाहेरून येऊन घराला ढकलत नाही. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचं वस्तुमान जागीच राहू पाहतं, आणि या ओढाताणीतून जोर तयार होतो. म्हणून वाऱ्याच्या बाबतीत जे खरं ते भूकंपात उलटं होतं. वादळात जड घर सुरक्षित. भूकंपात घर जितकं जड, तितका जोर ते स्वतःच स्वतःवर ओढवून घेतं. तीन मीटर उंच आणि पाऊण मीटर जाड दगडी भिंत घेतली तर तिच्या एका मीटर लांबीचं वजनच साडेचार टनांच्या घरात जातं. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा इथे पहिल्यांदा डळमळतो.

पण नुसतं वजन जास्त असतं तरी एवढा अनर्थ झाला नसता. खरी कमजोरी भिंतीच्या पोटात होती.

तीन फुटी भिंत ही तीन फुटी दगडांची नसते. गवंडी बाहेरच्या बाजूला एक थर रचतो, आतल्या बाजूला एक. बाहेरचे दगड घडीव, तोंड साफ केलेले, दिसायला देखणे. या दोन थरांच्या मध्ये जी पोकळी राहते तिच्यात डबर, कपच्या, माती असा भराव टाकायचा. बाहेरून पाहिलं तर भिंत एकसंध, प्रत्यक्षात त्या दोन पातळ भिंती आणि मध्ये सैल गाळ. पाऊस मुरला की मधली माती बसते, आणि जिथे पोकळी होते तिथे लहान कपच्या खाली घसरतात. वर्षानुवर्षं ही प्रक्रिया चालू असते आणि गिलाव्याखाली कोणाला कळत नाही.

जमीन हलायला लागली की हा भराव दोन्ही बाजूंना रेटा देतो. बाहेरचा थर बाहेर फुगतो, आतला आत. एकदा का दोन्ही थर वेगळे झाले, की प्रत्येकाची जाडी राहते फूट-सव्वा फूट आणि उंची दहा फूट. दगडांमधल्या मातीच्या सांध्यांना ओढ सोसण्याची ताकद जवळपास शून्य. बाहेरचा थर गल्लीत पडतो, आतला झोपलेल्या माणसांवर, आणि ज्या घरांत माळवदाचा भार भिंतीवरच होता तिथे सगळी माती खाली. किल्लारीत अनेकांचा जीव दगडाच्या घावापेक्षा ढिगाऱ्यात आणि मातीत गाडलं गेल्यानं गेला.

याच ढिगाऱ्यांमध्ये आणखी एक दृश्य होतं. ज्या घरांत छपराचा भार खरोखर लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती ढासळल्या तरी काही ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिलेला दिसला. जुन्या सुतारांचं काम भिंतीपेक्षा खरं ठरलं होतं.

दुसरी कमजोरी कोपऱ्यांची. एखाद्या भिंतीला तिच्या लांबीच्या दिशेनं ढकललं तर ती बऱ्यापैकी तग धरते. तीच भिंत पोटातून, म्हणजे जाडीच्या दिशेनं ढकलली तर सहज कलंडते. धक्का कुठल्याही बाजूनं आला तरी खोलीच्या चार भिंतींपैकी दोन मजबूत दिशेनं आणि दोन कमकुवत दिशेनं हलतात. चारही भिंती कोपऱ्यात घट्ट जोडलेल्या असतील तर मजबूत जोडी कमकुवत जोडीला सावरते. पण आपल्याकडे पुष्कळदा एक भिंत आधी चढवून दुसरी नंतर तिला टेकवलेली असते. मग कोपऱ्यात उभी भेग पडते आणि चार भिंती चार दिशांना मोकळ्या.

यावरचा उपाय किल्लारी गावातच उभा होता. कानपूर आयआयटीत तेव्हा प्राध्यापक असलेल्या सी. व्ही. आर. मूर्ती यांनी सामान्य लोकांसाठी भूकंपविषयक टिपांची एक मालिका लिहिली आहे. तिच्यात किल्लारीतल्या एका दगडविटांच्या इमारतीचं छायाचित्र आहे. भोवतालची घरं भुईसपाट, आणि ही धड उभी. तिच्यात वेगळं एकच होतं: दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींमधून सलग फिरवलेला काँक्रीटचा पट्टा.

अभियंते त्याला लिंटेल बँड म्हणतात, गवंडी नुसतं बेल्ट. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवतात, तेच काम हा पट्टा करतो: सुटे तुकडे ओढून धरतो. कमकुवत दिशेनं हलणाऱ्या भिंतीला कलंडू देत नाही, तिचा जोर मजबूत जोडीकडे पोचवतो, कोपरा उघडू देत नाही. खर्च फार नाही. किमान जाडी ७५ मिलिमीटर, आत ८ मिलिमीटरच्या कमीत कमी दोन सळया, आणि त्यांना दर १५० मिलिमीटरवर ६ मिलिमीटरच्या सळईच्या कड्या. जिथे सिमेंट-लोखंड आणणं अवघड तिथे लाकडाच्या दोन समांतर पट्ट्या आडव्या तुकड्यांनी जोडून, शिडीसारख्या भिंतीत ठेवल्या तरी चालतात.

अट एकच, आणि तीच बहुतेक ठिकाणी मोडली जाते. पट्टा सलग हवा. आपल्याकडे दारावर एक लिंटेल, खिडकीवर दुसरं, मधली भिंत कोरी. त्या सुट्या लिंटेलांचा भूकंपाशी काही संबंध नाही, ती फक्त दारावरचे दगड पेलतात. आणि पट्टा सलग असला तरी कोपऱ्यात सळई कापून सोडली, वळवून दुसऱ्या भिंतीत नेली नाही, तर सगळी मेहनत त्या एका कोपऱ्यात वाया जाते. बांधकाम चालू असताना मालकानं फक्त चार कोपरे पाहिले तरी पुष्कळ.

हे सगळं शोधून काढलं कोणी? भारतात याचं मोठं केंद्र रुरकी. तिथल्या विद्यापीठात, म्हणजे आताच्या आयआयटीत, १९६० मध्ये भूकंप अभियांत्रिकीचं शिक्षण आणि संशोधन सुरू झालं. तिथले प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांनी हयात घालवली ती उंच इमारतींवर नाही, तर विटा, दगड आणि मातीच्या साध्या घरांवर. भूकंपात सर्वात जास्त माणसं मरतात ती ज्या घरांना कधी अभियंत्याचा हातच लागलेला नसतो अशा घरांत, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. अशा घरांसाठी १९८६ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या समितीचे ते अध्यक्ष होते. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

रुरकीतली एक चाचणी मला फार आवडते, कारण तिच्यात आपल्या परिस्थितीचा पुरेपूर वापर आहे. खरं घर हलवून पाहायला प्रचंड यांत्रिक मंच लागतो, त्याला पैसा लागतो. रुरकीकरांनी रेल्वेचे रूळ टाकले. मधल्या वॅगनवर एकमजली घर बांधलं, आणि दुसरी, वजन भरलेली वॅगन आणून तिच्यावर आदळवली. भिंतींवर बसवलेली उपकरणं प्रवेग मोजत होती. पट्टे नसलेलं घर आणि पट्टे असलेलं घर, सारख्याच धक्क्यात एकमेकांशी ताडून पाहता येत होती. नंतर दगडी घरांवरही अशा चाचण्या झाल्या. पट्टे, भिंतीचे दोन्ही थर शिवणारे आरपार दगड आणि कोपऱ्यातल्या उभ्या सळया असलेली घरं साध्या घरांपेक्षा कितीतरी मोठे धक्के खाऊनही उभी राहिली. भेगा पडल्या, पण कोसळली नाहीत. भूकंपरोधक घराची व्याख्या एवढीच असते: घर खराब झालं तरी चालेल, आतला माणूस बाहेर आला पाहिजे.

पट्ट्यांचा नियम सांगणारं आयएस ४३२६ हे भारतीय मानक १९६७ साली निघालं. किल्लारीच्या २६ वर्षं आधी. मग ते किल्लारीपर्यंत का पोचलं नाही?

कारण नकाशा. देशाचे भूकंपप्रवण विभाग पाडले होते, एक ते पाच. किल्लारीचा भाग सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचं पठार म्हणजे अचल खडक, इथे कसला भूकंप, अशी समजूत होती. ती एकदा फुटलीही होती: ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, धरणालाही तडे गेले, आणि नकाशात कोयना परिसराचा विभाग बदलला. पण तो धडा कोयनेपुरताच राहिला. किल्लारीचा भाग पहिल्याच विभागात राहिला. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी परिसरात छोट्या धक्क्यांची मालिका झाली, लोक घाबरून बाहेर झोपले, नंतर धक्के थांबले आणि लोक परत घरात गेले. धक्के थांबण्याचा अर्थ धोका टळला असा होत नाही, हे सांगायला कोणाकडे तेव्हा ठाम उत्तर नव्हतं, आणि भूकंपाची वेळ सांगण्याचं शास्त्र आजही नाही. म्हणूनच भाकितापेक्षा भिंतीवर खर्च केलेला पैसा कामी येतो. २००२ मध्ये नकाशा सुधारला गेला तेव्हा पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला.

नवं दगडी घर बांधणं तसं सोपं आहे, नियम पाळले तर. भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको, म्हणजे दीड फूट. गोल गोटे नकोत, दगड घडवून घ्यायचे. मातीऐवजी एकास सहा सिमेंट-वाळू. आणि सर्वात महत्त्वाचा आरपार दगड: भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारा, आतला आणि बाहेरचा थर शिवणारा. उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक. एवढा लांब दगड मिळाला नाही तर काँक्रीटचा तुकडा, आत सळई घालून, तेच काम करतो.

पण जी लाखो घरं आधीच उभी आहेत त्यांचं काय? त्यासाठी जी पद्धत सुचवली गेली ती बारकाईनं पाहण्यासारखी आहे. आधी भिंतीतला एक दगड निवडायचा. त्याच्या भोवतीची माती हळूच खरवडायची, पहारीच्या टोकानं दगड सैल करायचा आणि ओढून काढायचा. घाव घालायचा नाही, घावानं भिंत हादरते. मग हात घालून आतला भराव थोडा थोडा उकरत साधारण ७५ मिलिमीटरचं भोक पलीकडच्या थरापर्यंत न्यायचं, आणि पलीकडचा दगड आतून अलगद ढकलून काढायचा. आता भिंतीतून आरपार दिसतं. हे भोक मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांशी रुंद ठेवायचं. निम्मं काँक्रीट भरायचं, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिलिमीटरची सळई त्यावर ठेवायची, वरून उरलेलं काँक्रीट. दहा दिवस दोन्ही बाजूंनी पाणी मारायचं. तोंडाशी रुंद असल्यामुळे वाळलेलं काँक्रीट कुठल्याच बाजूनं निसटत नाही, आणि भिंतीचे दोन थर कायमचे एकमेकांत अडकतात. लागतं काय? थोडं सिमेंट, हातभर सळई आणि शांत डोक्याचा गवंडी.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. ५२ गावं नव्या जागी वसली. उरलेल्या विस्तृत भागातल्या घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी मदत होती. पण लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला होता. पुष्कळांनी जुनी भिंत शिवून घेण्याऐवजी त्याच पैशात शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. त्यांना दोष देता येत नाही. ज्यानं घरातली माणसं ढिगाऱ्यातून काढली त्याला आरपार दगडाचं शास्त्र सांगून काय उपयोग. पण परिणाम असा की जुनं घरही तसंच धोकादायक राहिलं, वापरातही राहिलं.

आणि स्लॅबवरचा आंधळा विश्वास किती महाग पडतो ते २६ जानेवारी २००१ ला दिसलं. भूजच्या भूकंपाच्या केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अनेक मजली काँक्रीटच्या इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींच्या तळमजल्यावर पार्किंग होतं, म्हणजे वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली नुसते कॉलम. सगळी हालचाल त्या खालच्या कॉलमांवर. काँक्रीटच्या कॉलमात उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात त्यांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत, नाहीतर मोठ्या धक्क्यात रिंग उघडते, सळया बाहेर फुगतात आणि कॉलम चुरगळतो. साइटवर बार बेंडर ती टोकं ९० अंशांत वळवून मोकळा होतो, कारण ते पटकन होतं. गिलावा झाल्यावर कोणाला दिसणार? दगडी भिंतीच्या पोटातला भराव आणि कॉलमातली उघडी रिंग, दोन्ही झाकलेलीच राहतात.

गावाकडचं जुनं दगडी घर अजून वापरात असेल तर सुरुवात छपरापासून करा. माळवदावरची जुनी माती उतरवून थर वीतभरावर आणा आणि गळतीसाठी मातीखाली प्लास्टिकचा जाड कागद घाला. मग भिंतीला ओळंबा लावा. मध्येच फुगवटा दिसला तर तिथे थर आधीच सुटलेले आहेत, त्या जागी भोक पाडायला जाऊ नका, तेवढा भाग टेकू देऊन उतरवून पुन्हा रचायला हवा. कोपऱ्यातली उभी भेग सिमेंटनं लिंपून टाकू नका. भेग झाकली जाते, भिंती जोडल्या जात नाहीत, त्याला पट्टाच लागतो. खांब-तुळईच्या सांध्यात तिरपे लाकडी किंवा लोखंडी आधार बसवून घेतले तर सांगाडा आडवा झुकत नाही, आणि हे काम गावातला सुतार दोन-चार दिवसांत करतो. क्रम मात्र हाच: आधी वरचं ओझं, मग भिंत, मग कोपरे. दाराला रंग सगळ्यात शेवटी.